उतरलेलं गाणं

"बायकांचं दार डावीकडं, बाई," तबीथाआई म्हणाल्या. "भाऊ उजवीकडनं येतील. घाबरू नका, दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात."

रिबूच्या एका मुठीत माझं बोट होतं, दुसरीत तिच्या बाबांचं. ती मधेच अडकल्यासारखी उभी राहिली. रुफसनं हसत आपलं बोट सोडवून घेतलं आणि तो उजव्या दारानं आत गेला.

मला ते खटकलं. पण त्या काळात मला सगळंच खटकायचं. पाणी उकळलंय का, विहिरीला कठडा आहे का, पोरीचं कपाळ गरम आहे की माझाच हात गार आहे. "सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या बाईशी लग्न करू नका रे," रुफस मित्रांना सांगायचा. "घरात तिला नवरा कमी आणि जंतू जास्त दिसतात."

शालेम वस्ती नगर जिल्ह्यात, नदीकाठच्या शिंदीच्या बनात होती. होती म्हणते, कारण आता नाही. रुफसच्या पणजोबांच्या काळात कुणी एक मराठी उपदेशक मिशनच्या मंडळीतून फुटून निघाला आणि त्यानं ही वस्ती वसवली. इथं लग्न नाही, कुणाचं स्वतःचं काही नाही. एका लांबट घरात भाऊ राहायचे, समोरच्या घरात बहिणी. दिवसभर शिंदीच्या झाडण्या बांधायच्या, भाज्यांचं बियाणं वाळवायचं आणि दिवेलागणीच्या आधी सभेत गायचं.

रुफसची आई इथं होती. तो अंगावर पीत होता तेव्हा त्याला घेऊन ती सणाला म्हणून आली, इथं तिच्यावर गाणं उतरलं आणि ती परत गेलीच नाही. ज्याच्यावर गाणं उतरतं तो वस्तीचा, असा इथला नेम. रुफसच्या वडलांनी लेकरू उचलून नेलं. ते असेपर्यंत शालेमचं नाव घरात काढायची सोय नव्हती. आम्ही शालेमला गेलो त्याच वर्षी ते वारले, आणि रुफसला ते आईच्या तोंडावर सांगायचं होतं.

"एकदाच, सुचे," तो मला म्हणाला होता. "बघायचं, दोन शब्द सुनवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत."

रुफसची आई, सगुणाबाई, पहिल्या बाकावर बसल्या होत्या. उंच, वाळलेल्या, हातांना शिंदीच्या पात्यांचे चरे पडलेले. रुफस त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा गेले," तो म्हणाला.

"देव त्यांना विसावा देवो, भाऊ."

भाऊ. पोटच्या पोराला. मी रिबूला पुढं केलं. "आई, ही तुमची नात."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. "इथं नाती नसतात, बाई. लेकरू असलं तर सगळ्यांचं असतं."

रुफसचे दोन शब्द त्याच्या घशातच राहिले, कारण तेवढ्यात त्या उठल्या आणि गाऊ लागल्या. त्या सूर धरायच्या. त्यांनी पहिली ओळ म्हटल्यावर मगच बाकीचे तोंड उघडायचे.

आमच्या मंडळीतही गाणी असतात. पेटी असते, तबला असतो, छापील पुस्तकात प्रत्येक गीताखाली रचणाऱ्याचं नाव असतं. इथं वाद्य नव्हतं. वरचा सूर, खालचा सूर असंही काही नव्हतं. तीसेक म्हातारे गळे एकाच सुरात, दोरखंडासारखे एकमेकांत पिळलेले. गाता गाता ते उठले, खोलीभर गोल चालू लागले. तळवे खाली करून झटकायचे, जगातलं सगळं झटकून टाकल्यासारखे, आणि मग तळवे वर करून ओंजळ धरायची. काही गाण्यांना शब्दही नव्हते, नुसते लो-ला-ले.

चर्चमध्ये नुसते ओठ हलवणारा माझा नवरा दुसऱ्याच गाण्याला उठला आणि त्यांच्या मागून चालू लागला. त्याचा पाय एकदाही चुकला नाही.

"रक्तात आहे," तबीथाआई माझ्या कानाशी म्हणाल्या. त्या वस्तीच्या वडीलबाई. गोल चेहरा, दुधासारखा आवाज. त्या कधी रागावल्या असतील असं वाटत नव्हतं.

संध्याकाळची गाडी आम्ही पकडली नाही. "उद्या जाऊ," रुफस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी रिबूला घेऊन झाडण्यांच्या अंगणात बसले. बारनबाभाऊ नावाचे एक म्हातारे पात्यांच्या जुड्या दगडावर आपटून सारख्या करत होते. धप, धप-धप, धप. वस्तीत थट्टा करणारा तेवढा एकच माणूस.

"तुमच्याकडं लग्नं असतात म्हणं अजून?" त्यांनी मला विचारलं.

"असतात की."

"अरेरे. मग भांडायला वेळ कसा काढता?"

मी हसले. कितीतरी वेळानं हसले. मग विचारलं, "ही सगळी गाणी कुणी रचली, भाऊ?"

त्यांचा हात थांबला. "रचली म्हणू नका इथं. रचलेलं गाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास, त्याला आम्ही तोंड लावत नाही. आमची उतरतात. कुणाच्या तोंडून आलं ते पोथीत लिहीतसुद्धा नाही, नुसती चाल लिहितो. मागं एक भाऊ होता, त्यानं स्वतः रचून आणलं होतं. चाल झकास होती हो! पण कळलं. मग त्याला मागच्या बाकावर बसवलं. मरेपर्यंत सभेत तोंड उघडलं नाही बिचाऱ्यानं. जेवायला उघडायचा, तेवढंच."

"आणि आता? हल्ली उतरतात?"

"नाही," ते म्हणाले आणि पुन्हा जुडी आपटू लागले. "सगुणाबहिणीवर उतरलं ते शेवटचं. त्यानंतर नवं माणूसही नाही, नवं गाणंही नाही. गाणं थांबलं की वस्ती थांबणार. तबीथाआई त्याच वाटेकडं डोळे लावून बसल्यात."

धप, धप-धप, धप. रिबू मातीत बोटानं रेघा मारत होती. त्या ठोक्यावर ती काहीतरी गुणगुणू लागली. ती नेहमीच गुणगुणायची. आंघोळ करताना, वरणभात चिवडताना. हे मात्र मी आधी ऐकलं नव्हतं. ला-ले-लो, ला-ले. मधे अडखळली, मागं गेली, पुन्हा जुळवलं. माझ्या डोळ्यांदेखत ती चाल तयार झाली, पोरं मातीची घरं करतात तशी.

बारनबाभाऊंनी जुडी हळूच खाली ठेवली. मी वर पाहिलं. समोरच्या ओसरीवर सगुणाबाई उभ्या होत्या. हातातलं सूप तसंच धरून त्या रिबूकडं टक लावून बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. रिबूला, की मला, कळलं नाही. पण तोवर उशीर झाला होता. पलीकडच्या खोलीचं दार उघडून तबीथाआई बाहेर आल्या होत्या.

"कुणी शिकवलं गं बाळा हे?" त्या रिबूपुढं उकिडव्या बसल्या.

"कुणी नाही," रिबू म्हणाली. "मला आलं."

दुपारी जेवणात रिबूच्या ताटलीत गूळ जास्त होता. संध्याकाळच्या सभेत सगळे माझ्याकडं बघून हसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आमच्या अंथरुणाच्या पायथ्याशी एक झबलं घडी घालून ठेवलेलं. पांढरं, वस्तीतल्या बहिणींच्या पातळाच्या कापडाचं, नव्यानं शिवलेलं. मी ते रिबूच्या अंगाला लावून पाहिलं. खांद्यात, लांबीत, कुठंच कमीजास्त नव्हतं. तिचं माप कुणी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी रुफसला गाठलं. तो भावांबरोबर बियाणं पाखडत होता. केसांत भुसा आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला त्याची भीती वाटली.

"आज जायचं आपण. आत्ता."

"सुचे, ऐक ना. तबीथाआई बोलल्या माझ्याशी."

"काय बोलल्या?"

"आपण तिघंही राहू शकतो. तू बहिणींच्या घरात, मी इकडं, रिबू लेकरांच्या घरात. रोज भेटेलच की ती सभेत."

"सभेत?" मी म्हटलं. "माझी पोरगी मला सभेत भेटणार?"

"माझी आई मला तिथंही भेटली नाही," तो म्हणाला. "चौतीस वर्षं मी तिला शिव्या दिल्या. परवा कळलं, ती मला सोडून कुणा माणसाकडं गेली नव्हती. तिला बोलावणं होतं. आता तेच रिबूला आलंय. मला ते थांबवायचा काय अधिकार?"

"रुफस, तिनं ते झाडणीच्या ठोक्यावर जुळवलं. मी तिथं बसले होते!"

"मग?"

मी तबीथाआईंकडं गेले. त्या मला हाताला धरून लेकरांच्या घरात घेऊन गेल्या. भिंतीला मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर लाकडी खुंट्या होत्या. कोपऱ्यात लहान लहान झाडण्या. खाटांवर धूळ नव्हती. एका खाटेवर धुतलेली चादर ताणून अंथरली होती.

"कितीतरी वर्षं रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "पण एक खाट रोज अंथरते मी."

"आई, माझी मुलगी घरीसुद्धा अशीच गुणगुणते. खेळता खेळता. त्यात काही नाही."

"सगळी अशीच येतात, बाई," त्या हसल्या. "खेळता खेळता, दळता दळता. ढगातून आवाज येतो असं वाटलं का तुम्हाला?"

"मी तिला देणार नाही."

"मागतंय कोण? शालेमनं कधी कुणाचं लेकरू मागितलेलं नाही." त्यांनी चादरीची न पडलेली सुरकुती हातानं सारखी केली. "हात देतात. बापानं किंवा आईनं लेकराचा उजवा हात माझ्या हातात द्यायचा, सभेनं त्याचं गाणं गायचं. झालं. दोघांतल्या एकानं दिला तरी पुरतं. शास्त्रात हन्नानं आपला शमुवेल देवाला दिला, तेव्हा तिच्या नवऱ्याला कुणी विचारलं होतं?"

मी बाहेर आले. पोरीला उचलून पळावं, तर फाटा कोसभर लांब आणि रिबू तिच्या बाबांच्या खांद्यावर. ओसरीवर सगुणाबाई दिसल्या. मी त्यांच्यासमोर हात जोडले. "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

"मी काय सांगणार?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मी आले तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं." आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, दगड आहे ही बाई. ठार दगड.

त्या दिवशी सभा लवकर भरली. ऊन अजून खिडक्यांतून आडवं येत होतं. टेबलावर गाण्यांची पोथी उघडून ठेवली होती, हातानं लिहिलेली, भाकरीच्या परातीएवढी. उजवीकडचं पान कोरं होतं. रिबूच्या अंगात ते पांढरं झबलं होतं. मी घातलं नव्हतं.

"म्हण बाळा," तबीथाआई म्हणाल्या.

रिबूनं म्हटलं. तिला काय, एवढे लोक कौतुकानं बघतायत म्हणून तिनं अगदी हात मागं बांधून म्हटलं. ला-ले-लो, ला-ले. दुसऱ्या वेळी दोघीतिघींनी धरलं, तिसऱ्या वेळी सगळ्या खोलीनं. माझ्या पोरीचा तो इवला सूर त्या तीस गळ्यांत शिरला आणि मला ऐकू येईनासा झाला. बारनबाभाऊ रडत होते. तबीथाआईंनी तळवा पुढं केला होता. रुफस उठला. त्यानं रिबूचं मनगट धरलं.

"रुफस!" मी ओरडले. गाणं एवढं भरलं होतं, की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"थांबा."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं गाणं तुटलं. सगुणाबाई उभ्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सूर त्यांनी धरलाच नव्हता. एवढा वेळ त्या गातच नव्हत्या.

"हे उतरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे मी रचलंय."

तबीथाआई हसल्या. "बहीण, लेकरानं सांगितलं, कुणी शिकवलं नाही."

"तिला नाही शिकवलं. ह्याला." त्यांनी रुफसकडं बोट केलं. "हा मांडीवर होता तेव्हा ह्याला झोपवायला रचलं होतं. माझ्या पोराला. त्याच्या अंगात राहिलं असेल, त्याच्याकडनं तिच्याकडं गेलं. ती अर्धंच म्हणतेय. पुढचं मी म्हणते."

आणि त्यांनी म्हटलं. रिबू जिथं थांबायची तिथून ती चाल पुढं निघाली, वर चढली आणि सावकाश उतरली. तिला शब्द होते.

*उजेड आहे तोवर जा, माझ्या लेकरा,*
*दारात उभी राहीन मी, बोलावणार नाही.*
*मागं वळून पाहू नको, माझ्या लेकरा,*
*अंधार माझा मला पुरे, तुला देणार नाही.*

ते अर्धं त्या अर्ध्याला असं बसलं होतं, की जन्मापासून एकच असावं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

तबीथाआईंचा हात खाली गेला. आवाज तरीही दुधासारखाच होता. "आपल्या पोटच्या पोरासाठी रचलंस. आणि लपवून ठेवून इतकी वर्षं आमचा सूर धरलास."

"हो."

"मग तुझ्यावर उतरलं ते? जे आम्ही रोज गातो? ज्याच्यासाठी तू राहिलीस?"

सगुणाबाईंनी रुफसकडं पाहिलं.

"तेही माझंच," त्या म्हणाल्या. "मला घरातून सुटायचं होतं. म्हणून रचलं."

रुफसच्या तोंडून आवाज आला, कुणी लाथ घातल्यावर येतो तसा. त्यानं रिबूला उचललं. झबलं तिच्या डोक्यावरून ओढून काढलं आणि बाकावर टाकलं. "बोलावणं!" तो म्हणाला. "मला तर आईसुद्धा नाही आणि देवसुद्धा नाही. चल, सुचे." बायकांच्या बाजूनं, डाव्या दारानं तो पोरीला घेऊन बाहेर पडला.

मागं मी पाहिलं. तबीथाआई पोथीची मागची पानं उलटत होत्या. सगुणाबाईंचं गाणं असावं त्या पानाशी थांबल्या, ते फाडलं नाही, फक्त तळहातानं झाकून ठेवलं. सगुणाबाई चालत सगळ्यात मागच्या बाकाशी गेल्या. कुणी सांगायच्या आधीच तिथं बसल्या.

मी पिशवी भरत होते, तेव्हा दाराशी सावली पडली.

"तिचा रुमाल राहिला होता," सगुणाबाई म्हणाल्या.

मी रुमाल घेतला. मला राहवेना. "आई, रिबू ते जुळवताना मी तिथं बसले होते. ती चुकली, परत म्हणाली, पुन्हा चुकली. कुठून आलेलं नव्हतं ते. तुमचंही नव्हतं."

"मीही बघत होते की ओसरीवरनं."

"मग तुम्ही..."

"खोटं बोलले. ह्या लोकांना रडून कळत नाही, भांडून कळत नाही. देवाचं म्हटलं की सोडत नाहीत, माणसाचं म्हटलं की हात लावत नाहीत. दुसरा उपाय नव्हता."

"आणि तुमचं पहिलं गाणं? घरातून सुटायला रचलं ते?"

त्यांनी मान मागं वळवली. बाहेर रुफस रिबूला चप्पल घालत होता. बंद लागत नव्हता म्हणून तिच्यावर खेकसत होता.

"ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "दळताना आलं होतं. रुफस मांडीवर होता. मी नाही रचलं, पोरी. देवाशपथ नाही. त्या गाण्यासाठीच तर ह्याला सोडलं मी."

"मग तेवढं तरी सांगायचं त्याला! तो आता तुम्हाला..."

"नको." त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्यातल्या कुणाला त्यांनी हात लावला तो पहिल्यांदाच. चरे पडलेली बोटं, करवतीसारखी. "खरं कळलं तर तो परत येईल. आईसाठी येईल, मग गाण्यासाठी राहील. सभेत त्याचा पाय कसा पडत होता, पाहिलंस ना? त्याला रागच राहू दे. मी मेल्याचं कळलं तरी पाठवू नकोस."

"आणि आजचं?" मी विचारलं. "पुढचं अर्धं? ते कधी रचलंत?"

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. त्यांनी सभेच्या खोलीकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"उभी राहिले तेव्हा मला एक ओळसुद्धा माहीत नव्हती," त्या म्हणाल्या. "नुसतं तोंड उघडलं."

सभेत पुन्हा गाणं सुरू झालं. जुनंच कुठलं तरी. सूर कुणी धरायचा ते ठरलेलं नसावं. दोनतीन गळे चाचरत निघाले आणि एकमेकांना शोधत राहिले. सगुणाबाई ते ऐकत उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी ते दातांखाली धरले. पदर सारखा करून त्या परत सभेत गेल्या.

रुफस फाट्याच्या वाटेला लागला होता. रिबू त्याच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. मी धावत त्यांना गाठलं.

"काय म्हणत होती ती बाई?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं. नाकपुड्या फुललेल्या, डोळे लाल, पोरीभोवती दोन्ही हात घट्ट.

"काही नाही," मी म्हटलं. "अंधार पडायच्या आत गाडी येते, असं सांगत होत्या."